मॉलचं दार कुठल्या बाजूला?

आजचा विषय पत्रिकेवर छापून आला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस मॉलवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी वास्तुविशारद नाही, नगररचनाकार तर नाहीच. पण आत आणि बाहेर, माझं आणि आपलं, खासगी आणि सार्वजनिक या जोड्यांचा अर्थ लावणं हा आमचा धंदा आहे, आणि मॉल नावाची इमारत या तिन्ही जोड्यांना हात घालते. म्हणून हे व्याख्यान.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे कोकणात, ज्या दुकानाच्या दाराशी पिशवी ठेवायला लावतात आणि बदल्यात एक बिल्ला हातात देतात, त्या प्रत्येक दुकानाला मॉल म्हणतात. हसू नका. मला ही व्याख्या आवडते. कारण तिच्यात एक मर्म नेमकं पकडलंय: दाराशी कोणीतरी उभं आहे, आणि आत जायच्या आधी ते तुमच्याकडे काहीतरी मागतंय. या दारावरच्या माणसाकडे आपण पुन्हा येऊ.

शास्त्रशुद्ध बोलायचं तर मॉल म्हणजे एका छताखालची, एका व्यवस्थापनाची, अनेक दुकानं आतल्या बाजूला तोंड करून बसलेली इमारत. यातले ‘आतल्या बाजूला तोंड करून’ हे शब्द लक्षात ठेवा. इमारत सुंदर आहे की कुरूप, काचेची आहे की जांभ्याची, यावर आपण फार वाद घालतो. माझ्या मते तो दुय्यम वाद आहे. जुन्या शहराच्या मध्यात मॉल आला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की बाबा रे, तुझं तोंड कुठे आहे आणि पाठ कुणाकडे आहे?

हा प्रकार आला कुठून, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यातच सगळी गोम आहे. व्हिक्टर ग्रुएन नावाचा वास्तुविशारद. जन्म 1903, व्हिएन्नाचा. ज्यू. 1938 साली हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला तेव्हा हा अमेरिकेला पळाला. तिथे त्याला उपनगरं दिसली. मैलोनमैल घरं, प्रत्येक घरापुढे गाडी, आणि माणसं एकमेकांना भेटतील अशी जागाच नाही. व्हिएन्नात वाढलेल्या माणसाला हे सोसवेना. चौक, कॅफे, रमतगमत चालणारी माणसं हे सगळं त्याला हवं होतं. मिनियापोलिसजवळ ईडायना इथे त्याने 1956 साली साउथडेल उभं केलं. चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित, मध्यभागी झाडं आणि कारंजी असलेलं अंगण. बाहेर बर्फ पडतंय आणि आत बारा महिने वसंत. आज जगभर जो मॉल दिसतो त्याचा हा मूळपुरुष. ग्रुएनच्या मूळ आराखड्यात सभोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग हेही होतं. पैसे घालणाऱ्यांनी त्यातली दुकानं तेवढी बांधली, आणि भोवती हजारो गाड्यांचं वाहनतळ. बाकीचं कागदावर राहिलं.

म्हणजे बघा, ज्या वस्तीला पेठच नाही तिच्यासाठी शोधून काढलेली पेठ म्हणजे मॉल. औषध म्हणून ते खोटं नव्हतं. आजार खरा होता. आता हेच औषध ज्या गावाला शेकडो वर्षांची पेठ आहे त्या गावाला पाजलं तर काय होईल? ग्रुएनला हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागलं. म्हातारपणी तो व्हिएन्नाला परतला, त्यानंतर शहराच्या वेशीबाहेर एक अवाढव्य शॉपिंग सेंटर उभं राहिलं, आणि जुन्या व्हिएन्नातल्या ज्या छोट्या दुकानांची आठवण काढत त्याने मॉल कल्पिला त्याच दुकानांच्या मुळावर ते आलं होतं. 1978 साली त्याने जाहीर भाषणात सांगून टाकलं, की माझ्या नावावर खपवली जाणारी ही अपत्यं माझी नव्हेत, आणि त्यांच्या पोटगीला मी बांधील नाही. दोन वर्षांनी तो गेला.

आता मॉल आतून चालतो कसा? दोन टोकांना दोन मोठी दुकानं, मध्ये छोट्यांची रांग. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तुम्ही छोट्यांवरून जावं, ही योजना. सरकता जिना वर नेऊन सोडतो तिथून पुढचा सरकता जिना बहुधा लगेच मिळत नाही, वळसा घालावा लागतो. खिडकी नाही, घड्याळ दिसत नाही, त्यामुळे बाहेर संध्याकाळ झाली की पाऊस लागला हे कळत नाही. साबण घ्यायला आलेला माणूस कशासाठी आलो हे विसरून नुसता हिंडायला लागतो, त्या क्षणाला ग्रुएनचंच नाव पडलं आहे, ग्रुएन ट्रान्स्फर. बिचाऱ्याने ते मागितलं नव्हतं.

आणि बाहेरून? बाहेरून भिंत. याला कारणं अगदी व्यावहारिक आहेत, कुणाचा दुष्टपणा नाही. दुकानाला माल मांडायला पाठीशी भिंत हवी. थंड हवा कोंडून ठेवायची तर झरोका परवडत नाही. एकच दार असलं की पहारा एकाच जागी लागतो. परिणाम असा, की रस्त्याच्या बाजूला येते ती इमारतीची पाठ: पत्र्याचं चकचकीत आवरण, मोठे फलक, वातानुकूलन यंत्रांची जाळी, आणि मालाच्या टेम्पोचं फाटक. शंभर पावलं चाललात तरी एक माणूस दिसत नाही ज्याला विचारावं, की अमुक अमुक कुठे राहतात. जेन जेकब्ज या बाईंनी 1961 साली अमेरिकन शहरांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांचा एक मुद्दा असा, की रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावर असलेले लोकांचे डोळे. पोलीस नंतर. मॉलच्या पाठीला डोळे नसतात.

हे झालं परक्या मुलखाचं. आता आपल्या पेठेकडे येऊ.

चिपळूणची पेठ इथे का आहे? दाभोळच्या खाडीतून वर येणारा माल गोवळकोटच्या धक्क्याला उतरायचा, आणि तिथून कुंभार्ली घाट चढून कराडकडे, देशावर जायचा. देशावरचा माल उलट उतरायचा. गलबत आणि बैल यांची जिथे गाठ पडली तिथे पेठ बसली. पाणी होतं म्हणून बाजार आला, हे विसरायचं नाही. त्या पाण्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण त्याकडे शेवटी येतो.

अशा जुन्या पेठेतलं दुकान कसं असतं? दर्शनी रुंदी कमी, लांबी मागे भरपूर. जांभ्याचं जोतं, वर कौलं. पुढे ओटा. सकाळी फळ्या एकेक काढायच्या, रात्री क्रमाने परत बसवायच्या. मागे कोठार, वर माळा, कित्येकदा मालकाचं घर तिथेच. आणि पुढे आलेलं छप्पर, म्हणजे वळचण. मला या सगळ्यात वळचण सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे पाऊस ढगफुटीसारखा कोसळायला लागला की तुम्ही काय करता? समोर दिसेल त्या वळचणीला उभे राहता. त्या दुकानात तुम्हाला काही घ्यायचं नसतं. दुकानदारालाही ते माहीत असतं. तो फार तर म्हणतो, आत या, भिजताय. कायद्याने ती जागा त्याची आहे. व्यवहाराने ती तासाभरापुरती तुमची आहे.

ओट्याचंही तेच. त्याच्यावर कोणी बसतं, कोणी पाटी टेकवतं, दापोली की गुहागर गाडीची वाट बघतं. हा ओटा आत आहे की बाहेर? खासगी की सार्वजनिक? तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकवतो, की एखादी गोष्ट एक तर ‘अ’ असते किंवा ‘अ’ नसते, मधलं काही नाही. ओटा हे त्या नियमाला घरबसल्या मिळालेलं आव्हान आहे. जुनी पेठ जिवंत राहते ती या मधल्या जागांवर, आणि मॉल जे काढून टाकतो ते नेमकं हेच. काचेचं दार आपोआप सरकतं. एका पावलात तुम्ही पूर्ण बाहेर असता, पुढच्या पावलात पूर्ण आत.

(श्रोत्यांमधून: सर, पण मॉलमध्ये स्वच्छतागृह असतं. पेठेत बायकांनी जायचं कुठे?)

बरं झालं विचारलंत. मी तिकडेच येणार होतो, तुम्ही आधी पोचलात. स्वच्छतागृह, लिफ्ट, सपाट जमीन, चाकाची खुर्ची जाईल असा उतार, बाळाला घेऊन बसता येईल अशी जागा. या बाबतीत आपल्या बहुतेक जुन्या पेठा लाजिरवाण्या आहेत. आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या पिढीचे लोक सोयीस्करपणे विसरतात. पेठेत सगळे तुम्हाला ओळखतात, यात ऊब आहे तशी जाचकता आहे. कॉलेजातली मुलगी मैत्रिणींबरोबर दोन तास मॉलमध्ये नुसती हिंडू शकते. पेठेत तिसऱ्या दुकानाशी कोणीतरी काका विचारतात, इकडे कुठे गं? बाबांना माहितीय का?

आणि याहून खोल गोष्ट. ओट्याची मी आत्ता इतकी तारीफ केली, पण त्या ओट्यावर बसायचं कोणी? एके काळी पायरीखाली उभं राहून, लांबून टाकलेला माल झेलणारी माणसं याच कोकणातल्या बाजारांत होती. वळचण सगळ्यांना सारखी नव्हती. हे न सांगता जुन्या पेठेवर गहिवरून बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल.

तर सार्वजनिक म्हणजे नेमकं काय? याची सर्वांत मोठी शाळा इथून मुंबईच्या वाटेवर आहे, महाडला. 1923 साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचं ठरवलं. कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि पाणी प्याले. पुढचा भाग कमी सांगितला जातो, तो आपल्या विषयाला लागू आहे. सनातनी मंडळी कोर्टात गेली ती काय म्हणत? की हे तळं सार्वजनिक नाहीच, ते चौधरी तळं आहे, खासगी आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव ही जुनी वहिवाट आहे. दहा वर्षं तो दावा चालला. तळं नगरपालिकेच्या मालकीचं ठरलं, आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाने वहिवाटीचा दावाही अमान्य केला.

बारकाईने बघा. ज्याला अडवायचं आहे तो सगळ्यात आधी म्हणतो, की ही जागा खासगी आहे. म्हणून मी सार्वजनिक जागेची व्याख्या अशी करतो: जिथून मला काढून लावायला कोणालाही कारण द्यावं लागेल ती. रस्त्यावरून मला हाकलायचं तर कायदा दाखवावा लागतो. मॉलमधून हाकलायला ‘व्यवस्थापनाचा अधिकार राखीव’ एवढी पाटी पुरते.

ही काल्पनिक भीती नाही. 1999 साली मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स सुरू झाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मॉलपैकी एक. बघ्यांची एवढी झुंबड उडाली, की दाराशी अट घातली गेली: मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. 1999 सालचा मोबाईल म्हणजे काय चीज होती ते इथल्या पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल. जात विचारली नाही, खरंय. पण दारावरच्या माणसाने पायरीच्या वर कोण आणि खाली कोण हे ठरवलंच. ती अट पुढे राहिली नाही; गर्दी हाच मॉलचा धंदा आहे हे उमगायला वेळ लागत नाही. तरी आजही डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्या सरकत्या काचेतून आत जाताना तुम्ही कधी बघितलीय का? पेठेत ती ग्राहकही असते आणि विक्रेतीही. कधी एकाच सकाळी दोन्ही.

मुंबईचा उल्लेख निघालाच आहे तर गिरणगावाबद्दल दोन वाक्यं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यांत कोकणातली घरं किती होती हे तुम्हाला ठाऊक आहे. या सभागृहातही असतील. पुढे गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करायच्या ठरल्या, तेव्हा 1991 च्या नियमात ढोबळमानाने वाटणी होती: एकतृतीयांश महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एकतृतीयांश म्हाडाकडे घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, बांधकामाखालची सोडून. गिरणीत रिकामी जमीन असते किती? 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. लोअर परळला 1905 सालच्या फिनिक्स गिरणीच्या जागेवर मॉल आहे, चिमणी राखून ठेवली आहे. चिमणी राखली याचं कौतुक होतं. मला विचाराल तर चिमणी हा गिरणीचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होता. भोंगा झाल्यावर ज्या फाटकातून हजारो माणसं बाहेर पडायची आणि ज्या फुटपाथवर त्यांच्यासाठी बाजार भरायचा, ते फाटक आणि तो फुटपाथ यांचा संबंध हे खरं स्थापत्य होतं. ते चित्रात दाखवता येत नाही म्हणून राखलं जात नाही.

म्हणजे जुन्या शहराच्या मध्यात मोठी नवी इमारत येऊच नये असं मी म्हणतोय का? नाही. पुण्याची मंडई घ्या. आज आपण तिला वारसा म्हणतो, पण 1886 साली ती उघडली तेव्हा ती त्या काळची मॉलच होती. भाजीबाजार त्याआधी शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भरायचा, उघड्यावर. तिथून उचलून त्याला एका दगडी, गॉथिक धाटणीच्या इमारतीत बसवलं. मध्ये अष्टकोनी मनोरा, त्यातून फुटलेले पंख. नाव दिलं गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. आणि या खर्चाला विरोध कोणी केला होता? पुणे नगरपालिकेचे सदस्य महात्मा फुले यांनी. त्यांचं म्हणणं, हा पैसा शिक्षणाकडे वळवा. नंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला त्याच फुल्यांचं नाव मिळालं! मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही आज फुल्यांचंच नाव आहे. म्हणजे राज्यातल्या दोन नामवंत मंडयांना ज्यांचं नाव आहे, त्यांनी त्यांतल्या एकीच्या खर्चाला विरोध केला होता. गंमत सोडा, पण फुल्यांचा प्रश्न पक्का होता: कोणाच्या पैशाने, कोणासाठी, कशाच्या ऐवजी? प्रत्येक मोठ्या इमारतीला तो विचारला पाहिजे.

तरी मंडई टिकली, आणि पुण्याने ती आपली मानली. का? माझ्या मते कारण तिची बांधणी. तिला पाठ नाही. मनोरा मध्ये, पंख सगळीकडे, चहूबाजूंनी आत शिरता येतं. हवा खेळती, म्हणून भिंत कोंडायची गरज नाही. इमारतीच्या बाहेरही विक्रेते बसतात, आतलं आणि बाहेरचं एकमेकांत मिसळतं. गणेशोत्सवात तिच्यासमोरचा चौक गावाचा होतो. आता तिच्या शेजारी जमिनीखाली मेट्रोचं स्थानक झालंय, 2024 साली ते सुरू झालं, आणि इमारत वर उभी आहे.

जवळच तुळशीबाग आहे. अठराव्या शतकातलं राममंदिर मध्ये, भोवती दुकानं. आतल्या बाजूला तोंड केलेला बाजार आपल्याला परका नाही, हे तुळशीबागेवरून कळतं. फक्त तिथे मध्यभागी जे आहे ते विकायला ठेवलेलं नाही.

याच्या उलट पॅरिसचं उदाहरण. शहराच्या ऐन पोटात ले आल नावाचा बाजार होता, एकोणिसाव्या शतकातल्या लोखंड आणि काचेच्या मंडपांखाली. 1969 साली घाऊक बाजार गावाबाहेर हलवला. वाहतूक, घाण, उंदीर ही कारणं खरी होती. पण 1971 साली मंडप पाडायला घेतले, लोकांनी आरडाओरडा केला तरी. एक मंडप तेवढा दुसरीकडे नेऊन उभा केला. मग तिथे कित्येक वर्षं नुसता खड्डा होता. 1979 साली त्या खड्ड्यात, जमिनीखाली मजले उतरवून मॉल काढला. वर बाग, खाली दुकानं, त्याखाली रेल्वे. रोज लाखो माणसं तिथून जात, आणि तरी ती जागा कोणाला आपली वाटेना. शेवटी वरचा भाग पाडून पुन्हा बांधला आणि 2016 साली त्यावर एक प्रचंड छत घातलं. एवढ्या श्रीमंत शहराला आपल्या पोटातली एक चूक दुरुस्त करायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. आपल्या नगरपालिकेला किती लागतील याचा हिशेब तुम्ही करा.

आता चिपळूण. इथे येणारी इमारत फिनिक्सएवढी नसणार. ती अशी असेल: पेठेतल्या सातआठ अरुंद दुकानांच्या जागा कोणीतरी एकत्र करतो, कारण मोठ्या भूखंडावर बांधकाम फायद्याचं पडतं. सातआठ दारांच्या जागी एक दार येतं. तळमजला गाड्यांना, किंवा त्याखाली तळघर. वर काचेचं तोंड, आणि मालक हौशी असेल तर ‘पारंपरिक’ दिसावं म्हणून कपाळाला लाल कौलांची एक नक्षीदार पट्टी. या पट्टीचा मला विशेष राग आहे. दोन फूट पुढे न आलेली कौलं. पावसात त्यांच्याखाली उभं राहून बघा.

आणि इथे पाण्याचा मुद्दा येतो. 26 जुलै 2005, आणि मग 22 जुलै 2021. वाशिष्ठी आणि शिवनदी पेठेत शिरल्या. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही अशी आपल्यात म्हण आहे. त्या दिवशी चिपळुणात म्हणही बुडाली. जुन्या दुकानाचं उंच जोतं आणि वरचा माळा ही पुराची तयारीच होती. पाणी चढायला लागलं की माल वर न्यायचा, ही पिढ्यांची सवय. 2021 ला ती तयारी पुरली नाही, हे कबूल करायला हवं. पण त्यातून धडा काय घ्यायचा? जोतं आणखी उंच करायचं, माळ्याला पक्का जिना करायचा, की दोन्ही काढून टाकून तळघर खणायचं? पूर येणाऱ्या गावात तळघर म्हणजे आपण होऊन बांधलेलं तळं. आणि रस्त्याला आडवी, सलग, बिनदाराची लांबलचक भिंत म्हणजे पाण्याच्या वाटेतला बंधारा. मधल्या बोळांतून जे पाणी पूर्वी मागे निघून जायचं ते कुठे जाणार? शेजाऱ्याकडे.

त्या पुरानंतर नदीतला गाळ काढावा म्हणून गावाने उपोषण केलं, ते तुमच्या डोळ्यांपुढचं आहे. निळी रेषा, लाल रेषा यावरचा वादही तुम्ही जगताय. 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, 100 वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मध्ये निर्बंध. पेठेतल्या माणसाचं म्हणणं मला पटतं: पिढ्यान्‌पिढ्या आम्ही इथे, आणि आता पडकं दुकानही नीट बांधू देत नाही म्हणता? पण या त्रासातूनच एक धोका जन्मतो, आणि मला आज मुख्यतः तो सांगायचा होता. छोटा दुकानदार दोन पुरांनी खचलेला आहे, परवानगी मिळत नाही, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. अशा वेळी सातआठ जागा एकदम घ्यायला कोणी आला तर तो देवदूत वाटतो. विकणाऱ्याला मी दोष देणार नाही. मात्र एकेकाने घेतलेल्या शहाण्या निर्णयांची बेरीज शहाणी असतेच असं नाही, आणि पेठ ही अशी वस्तू आहे जी कुणा एकाच्या मालकीची नाही, त्यामुळे तिच्या वतीने ‘नाही’ म्हणायलाही कोणी एक नाही. पुरानंतर चिखल उपसून आपली फळी, आपलं शटर पुन्हा उघडणारे शेकडो मालक होते म्हणून ही पेठ परत उभी राहिली. त्यांच्या जागी एक कंपनी असती, तर ‘चिपळूणची शाखा परवडत नाही’ हा निर्णय दुसऱ्या शहरातल्या टेबलावर दहा मिनिटांत झाला असता.

मग मागायचं काय? विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा आपण बहुतेक करून रस्तारुंदीत आपली भिंत जाते का एवढंच बघतो. यापुढे थोडं अधिक बघा. पेठेत मोठी इमारत आलीच तर तिच्या तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून अरुंद गाळे असावेत, प्रत्येकाला रस्त्यावरून दार असावं. जुने बोळ इमारतीच्या पोटातून का होईना, रात्रंदिवस खुले राहावेत, पाण्यालाही आणि माणसालाही. तळघर नको. छप्पर किंवा पहिला मजला फुटपाथवर इतका पुढे यावा की दोन माणसं आणि एक छत्री खाली मावेल. मघाशी बाईंनी विचारलं ते स्वच्छतागृह आतल्या गिऱ्हाइकांपुरतं नको, रस्त्यावरून जाता येईल असं हवं. भाजीवाल्या बायकांची बसायची जागा नकाशावर आखलेली हवी, ‘सहानुभूतीने विचार केला जाईल’ अशी नको. यातली एकही मागणी मॉलच्या विरोधात नाही. मॉलला फक्त तोंड फिरवायला सांगणं आहे.

आणि एक व्यावहारिक सूचना. बिल्डर तुम्हाला नेहमी दर्शनी बाजूचं रंगीत चित्र दाखवतो, त्यात झाडं असतात, फुगे घेतलेली मुलं असतात. ते बाजूला ठेवा आणि तळमजल्याचा नकाशा मागा. त्यावर बोट ठेवून दारं मोजा. इथे थांबतो, प्रश्न असतील तर घेऊ, मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.